‘नॅनो’ केमो सुचवली, तर काय विचाराल?

केमोथेरपीचा खर्च समजावून सांगताना रुग्णालयात कधी कधी दोन आकडे पुढे ठेवले जातात. एक साध्या औषधाचा, दुसरा त्याच औषधाच्या ‘नॅनो’ प्रकाराचा. दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट असतो. अशा वेळी घरातली माणसे औषधाचा विचार करण्याआधीच पैशांच्या जुळवाजुळवीला लागतात, कारण पुढे काही बरेवाईट झाले तर ‘आपण स्वस्तातले औषध दिले’ ही टोचणी कुणालाच नको असते. ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिच्या भरात निर्णय घेण्यात धोका आहे. गेल्या तीस वर्षांचा पुरावा पाहिला, तर या औषधांनी सर्वांत खात्रीने दिले आहे ते विशिष्ट दुष्परिणामांपासून संरक्षण. आयुष्य वाढल्याचा पुरावाही आहे, पण तो मोजक्या कर्करोगांत, ठरावीक टप्प्यावर, आणि बहुतेक ठिकाणी दोन-चार महिन्यांचा. म्हणून निर्णय घेताना ‘नवे ते चांगले’ हा निकष बाजूला ठेवावा आणि आपल्या रुग्णाला नेमका कोणता त्रास टाळायचा आहे, ते आधी ठरवावे.

ही औषधे काम कशी करतात, हे थोडे समजून घेतले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, तर कर्करोगासाठी वापरले जाणारे बहुतेक नॅनोकण शंभराच्या आसपासचे असतात. या कणांत भरलेले औषध बहुधा जुनेच, अनेक दशके वापरात असलेले असते. गाडी बदललेली असते, आतला प्रवासी तोच. सर्वांत जास्त वापरली गेलेली गाडी म्हणजे लायपोसोम, अर्थात चरबीसदृश रेणूंची पोकळ गोळी. जेरुसलेममधल्या येखेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बेर्तो गाबिझॉन यांनी डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे जुने औषध अशा गोळीत कोंबून बसवले. एकेका गोळीत औषधाचे दहा ते पंधरा हजार रेणू मावतात. रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशींनी ती लगेच गिळू नये म्हणून तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवले. ‘डॉक्सिल’ नावाच्या या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९५ मध्ये मान्यता दिली. तिथे मंजूर झालेले हे पहिले नॅनो औषध. अमेरिकेत २०१२ साली त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्याची मुभा देण्यात आली आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मंजुरीही मिळाली. म्हणजे हे तंत्र परदेशातून येण्याची वाट पाहावी असे राहिलेले नाही. आपल्याकडच्या केमोच्या खोल्यांत ते केव्हाच रुळले आहे.

आता या औषधाने काय साधले ते पाहू. साध्या डॉक्सोरुबिसिनचा मोठा दोष म्हणजे ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. आयुष्यभरात शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो, म्हणून औषध लागू पडत असले तरी डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो. हृदयातल्या रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट विणीची असते, त्यातून शंभर नॅनोमीटरची गोळी सहजी आरपार जात नाही. शिवाय औषध हळूहळू सुटत असल्यामुळे रक्तात मोकळ्या औषधाची एकदम भरती येत नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधे औषध आणि लायपोसोममधले औषध समोरासमोर ठेवले गेले. हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधाच्या गटात तिपटीहून अधिक निघाला. केस गळण्याचे प्रमाण साध्या गटात ६६ टक्के, तर लायपोसोमच्या गटात २० टक्के होते. पण आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ साध्या गटात ७.८ महिने आणि लायपोसोमच्या गटात ६.९ महिने, आणि एकूण आयुर्मान अनुक्रमे २२ आणि २१ महिने निघाले. सांख्यिकीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. आणि फुकट काहीच मिळत नाही म्हणतात तसे, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास साध्या गटात २ टक्के, तर लायपोसोमच्या गटात ४८ टक्के स्त्रियांना झाला. या एका चाचणीत नॅनो औषधांची जवळजवळ सगळी कथा आली आहे: परिणाम तेवढाच, एक मोठा दुष्परिणाम कमी, एक वेगळा दुष्परिणाम नवा.

एका चाचणीवर विसंबू नये, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा पाहावा. लायपोसोममधली औषधे आणि तीच साधी औषधे यांची तुलना करणाऱ्या १४ चाचण्या, सुमारे २,६०० रुग्ण, एवढा पसारा त्यात होता. गाठ आकसणे, आजार थोपणे, आयुष्य वाढणे या तिन्ही मोजमापांवर लायपोसोमचा सरसकट वरचढपणा दिसला नाही. अंडाशयाच्या कर्करोगात चित्र किंचित वेगळे आहे. आजार उलटलेल्या ९७६ स्त्रियांच्या ‘कॅलिप्सो’ चाचणीत कार्बोप्लॅटिनच्या जोडीला एका गटाला लायपोसोमचे डॉक्सोरुबिसिन, तर दुसऱ्याला पॅक्लिटॅक्सेल दिले गेले. आजार थोपून राहण्याचा काळ लायपोसोमच्या गटात ११.३ महिने, दुसऱ्या गटात ९.४ महिने आला. हातापायांची बधिरता आणि केस गळणे कमी राहिले. एकूण आयुष्यात मात्र फरक पडला नाही. पण ज्या बाईला आधीच्या केमोने बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही, तिच्यासाठी हा पर्याय लाखमोलाचा ठरू शकतो. तिने तो ‘बोटे वाचवण्यासाठी’ म्हणून घ्यावा. आयुष्य दुप्पट होईल या आशेने घेऊ नये.

मग प्रयोगशाळेतल्या बातम्यांत नॅनोकण गाठीचा अचूक वेध घेतात, ते काय? या कल्पनेचे मूळ जपानमध्ये आहे. मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले, की गाठीत नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथून आत शिरलेले मोठे रेणू बाहेर वाहून जात नाहीत, साठत राहतात. उंदरांच्या गाठींत हे उत्तम दिसते. पण उंदराची गाठ काही आठवड्यांत त्याच्या शरीराच्या मानाने प्रचंड वाढवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढते, तिच्या काही भागांत रक्त पोहोचतच नाही. टोरंटोमधल्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यमानाने फक्त ०.७ टक्के गाठीत पोहोचतात असे निघाले. उरलेले मुख्यतः यकृत आणि प्लीहेत अडकतात, कारण रक्तातला परका कण उचलणे हेच तिथल्या पेशींचे काम. २०२० मध्ये याच गटाने आणखी एक धक्का दिला: गळक्या फटींतून कण आत शिरतात हे गृहीतही बहुतांशी चुकीचे निघाले. त्यांच्या प्रयोगांत ९७ टक्के कण रक्तवाहिनीच्या पेशींनी स्वतः ओढून आत घेतलेले होते.

या ०.७ टक्क्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. साधी केमोथेरपी तरी गाठीत किती पोहोचते? तीही संपूर्ण शरीरात पसरते आणि गाठीच्या वाट्याला तिचा कणभरच येतो. त्यामुळे या एका आकड्यावरून नॅनो औषधे फोल ठरवणे अन्यायाचे होईल. माझ्या मते त्या आकड्यातून घ्यायचा बोध वेगळा आहे: कुणी ‘फक्त कर्करोगाच्या पेशींनाच मारणारे औषध’ असे सांगत असेल, तर तो विक्रीचा शब्दप्रयोग समजावा. माणसांमध्ये फरक किती असतो, याचाही पुरावा आहे. ब्रिटनमध्ये १७ रुग्णांना किरणोत्सर्गी खूण लावलेले लायपोसोम टोचून स्कॅन केले गेले. १५ जणांच्या गाठीत ते साठलेले दिसले, दोघांच्या नाही. डोके-मान भागातल्या गाठींत त्यांचे प्रमाण स्तनाच्या गाठींपेक्षा सरासरी सहापट होते. एका कर्करोगात गुण देणारे नॅनो औषध दुसऱ्यात निष्प्रभ ठरते, ते यामुळेही. आणि गाठ ओळखणारे ‘पत्ता लिहिलेले’ कण? त्यांच्यावर मोठ्या आशा होत्या. डोसिटॅक्सेल भरलेले असे कण बनवणाऱ्या अमेरिकेतल्या बाइंड थेरप्यूटिक्स या कंपनीने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. संशोधन थांबलेले नाही, पण असे औषध रोजच्या उपचारात आलेले नाही.

दुसरे नाव तुमच्या कानावर पडण्याची शक्यता अधिक आहे: नॅब-पॅक्लिटॅक्सेल. साधे पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेल तेलापासून केलेल्या द्रावकात मिसळून देतात. त्या द्रावकाने तीव्र ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे आधी स्टेरॉइड द्यावे लागते आणि तीन तासांची ड्रिप लावावी लागते. नॅब प्रकारात औषध मानवी अल्ब्युमिन या प्रथिनाबरोबर सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. द्रावक नको, अर्ध्या तासात ड्रिप संपते. २००५ च्या सुरुवातीला त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी. त्या चाचणीत ३३ टक्के स्त्रियांच्या गाठी आकसल्या, साध्या औषधाने १९ टक्के. हा आकडा जाहिरातपत्रांत हमखास असतो. त्यात सहसा नसते ते असे, की तुलनेतले साधे औषध तीन आठवड्यांतून एकदा दिले होते, आणि आज बरेच डॉक्टर ते दर आठवड्याला देतात, कारण तसे ते अधिक परिणामकारक असते. दर आठवड्याच्या साध्या औषधाशी सामना लावला गेला, तेव्हा सुमारे ८०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत नॅब वरचढ ठरले नाही; आजार थोपण्याचा काळ नॅब गटात ९.३ महिने, साध्या गटात ११ महिने भरला आणि बधिरतेचा त्रास नॅबने जास्त झाला. डोस जास्त होता, हे त्याचे एक कारण. डॉक्टरांना विचारण्याचा सर्वांत धारदार प्रश्न यातूनच मिळतो: ‘हे औषध कशाच्या तुलनेत चांगले ठरले आहे, आणि त्या तुलनेतला उपचार आज तुम्ही देता का?’

एवढे वाचून नॅनो औषध म्हणजे महागडी हौस असा ग्रह होऊ नये, कारण काही ठिकाणी त्यांनी खरोखर आयुष्य वाढवले आहे. स्वादुपिंडाचा पसरलेला कर्करोग हे ठळक उदाहरण. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर मध्यमान आयुष्य ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेले. हा आजारच इतका निर्दय, की या वाढीने जगभरची उपचारपद्धत बदलली. लायपोसोममधल्या इरिनोटेकॅननेही याच आजारात दुसऱ्या फळीत ४.२ वरून ६.१ महिने असा फरक दाखवला. रक्ताच्या कर्करोगात याहून रंजक गोष्ट घडली. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सायटाराबिन आणि डाउनोरुबिसिन ही जोडी जुनीच. प्रयोगशाळेत दोघांचे रेणू पाचास एक या प्रमाणात असताना सर्वांत परिणामकारक दिसले, पण शरीरात शिरल्यावर दोन औषधे आपापल्या वेगाने निघून जातात आणि प्रमाण बिघडते. एकाच लायपोसोममध्ये दोन्ही कोंडल्यावर ते टिकले. ६० ते ७५ वयाच्या, दुसऱ्या आजारातून किंवा आधीच्या उपचारातून उद्भवलेल्या ल्युकेमियाच्या ३०९ रुग्णांत मध्यमान आयुष्य ५.९५ महिन्यांवरून ९.५६ महिन्यांवर गेले. इथे गाडीने प्रवाशाचे सामर्थ्य खरोखर वाढवले. पण हा लाभ त्याच वयाच्या, त्याच प्रकारच्या रुग्णांत सिद्ध झालेला आहे, तरुण रुग्णाच्या वेगळ्या ल्युकेमियाला तो परस्पर लागू करता येत नाही.

‘त्रास कमी होतो एवढ्यासाठी इतके पैसे?’ असेही विचारले जाते, आणि हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. सत्तरीतल्या, आधीच हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला साधे डॉक्सोरुबिसिन देताच येत नसेल, तर त्याच्यासाठी ‘कमी त्रास’ म्हणजे उपचार मिळणे की न मिळणे इतका मोठा फरक. मधुमेह बळावलेल्या रुग्णाला वारंवार स्टेरॉइड नको असेल, द्रावकाने एकदा जीवघेणी ॲलर्जी आली असेल, तर नॅबचे मोल वेगळे. उलट पस्तिशीतली, हृदय ठणठणीत असलेली, शस्त्रक्रियेनंतर मोजक्याच सायकल घ्यायच्या असलेली स्त्री घ्या. तिच्या बाबतीत साधी औषधे पूर्ण बरे होण्याच्या उद्देशाने दशकानुदशके तपासली गेली आहेत, तिथे ‘जास्त सौम्य’ म्हणून लायपोसोमची अदलाबदल करणे म्हणजे भक्कम पुराव्याकडून कमी पुराव्याकडे जाणे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रुग्णाची बाजू कागदावर मांडून न्यावी: टू-डी इकोचा अहवाल, आधी डॉक्सोरुबिसिनसारखे औषध घेतले असल्यास त्याची एकूण मात्रा, साखरेचे आकडे, यकृताच्या तपासण्या, बोटांत मुंग्या आहेत का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. बिलिरुबिन वाढलेले असेल तर नॅब-पॅक्लिटॅक्सेलचा डोस कमी करावा लागतो किंवा ते टाळावेच लागते. मग सरळ विचारावे: माझ्या रुग्णात हे साध्यापेक्षा वेगळे काय देईल, त्रास कमी करील की आयुष्य वाढवील? किती? आणि परवडले नाही तर पर्याय कोणता? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. बहुतेक वेळा ‘साधे घेतले तरी चालेल’ हे उत्तर त्यांच्या ओठांवरच असते, फक्त कुणी विचारलेले नसते.

निर्णय झाला आणि नॅनो औषध घ्यायचे ठरले, तर केमोच्या दिवशी काही गोष्टींकडे जवळच्या माणसाने लक्ष ठेवावे. पहिली म्हणजे नाव. ‘डॉक्सोरुबिसिन’ आणि ‘लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’, ‘पॅक्लिटॅक्सेल’ आणि ‘अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेल’ यांचे डोस वेगळे असतात आणि एकाऐवजी दुसरे देणे घातक ठरू शकते. उत्पादकांच्या माहितीपत्रकातच तशी ताकीद असते. बाहेरच्या दुकानातून औषध आणायला सांगितले असेल तर चिठ्ठीवरचे संपूर्ण नाव आणि खोक्यावरचे नाव शब्द न् शब्द जुळवावे आणि नर्सला दाखवूनच खोके फोडू द्यावे. लायपोसोमचे औषध सलाईनमध्ये मिसळत नाहीत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. पहिल्या वेळी ते अगदी सावकाश सुरू करतात, कारण घन गाठींच्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्के जणांना ड्रिप चालू असताना प्रतिक्रिया येते: चेहरा लाल होणे, छाती आवळणे, धाप लागणे, पाठीत कळ. असे काही जाणवताच ‘थोडं सहन करू’ म्हणत बसू नये, लगेच हाक मारावी. ड्रिप थांबवून वेग कमी केला की बहुतेकांचे निभावते. नॅब-पॅक्लिटॅक्सेलची पिशवी दुधट पांढरी दिसते. औषध खराब झाले की काय, अशी शंका नातेवाइकांना येते, पण ते मुळातच तसे असते: फेस येऊ नये म्हणून सलाईन थेट पावडरीवर न सोडता कुपीच्या आतल्या भिंतीवरून हळूच सोडतात, काही मिनिटे कुपी तशीच ठेवतात आणि मग ती हलकेच फिरवतात. गुठळ्या किंवा तळाशी साका दिसला तर मात्र जरूर विचारावे.

लायपोसोमच्या डॉक्सोरुबिसिननंतर घरी जपायचे ते हातपाय. त्रास पहिल्या ड्रिपनंतर न दिसता बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर उमटतो, म्हणून ‘मला काही झालं नाही’ असे लवकर समजू नये. घर्षण, दाब आणि उष्णता यांनी तळव्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून औषध झिरपते. त्यामुळे ड्रिपनंतरचा निदान आठवडाभर भांडी घासणे, कपडे पिळणे, कणीक तिंबणे, गरम तव्याशी उभे राहणे हे दुसऱ्या कुणी करावे. आपल्याकडे हे सांगावे लागते, कारण आजारी बाईच उठून हे करताना दिसते. घट्ट चपला, कडकडीत पाण्याची अंघोळ, लांबवरचे चालणे टाळावे. साधे मलम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावावे, चोळू नये. तळवा लाल होऊन दुखू लागला, फोड आला, तर पुढच्या सायकलची वाट न पाहता कळवावे. डोस कमी केला किंवा आठवडाभर पुढे ढकलला तर उपचार वाया जात नाही. नॅबच्या रुग्णाने शर्टाची बटणे लावता येतात का, चप्पल पायातून निसटते का, यावर लक्ष ठेवावे, आणि नसेल जमत तर सांगावे. कोणत्याही केमोत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला की घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत उग्र होतो. नॅनो प्रकार घेतला म्हणून ही काळजी कमी होत नाही. हृदयाचे इको ठरलेल्या वेळी करणेही चालूच ठेवावे. धोका कमी असतो, शून्य नसतो.

आणखी एक बाजार आहे आणि तो रुग्णालयाबाहेर भरतो. ‘नॅनो करक्यूमिन’च्या गोळ्या, ‘सुवर्णभस्मात नैसर्गिक नॅनोकण असतात’ म्हणून कर्करोगावर रामबाण, अशा गोष्टी मोबाइलवर फिरतात. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण आढळल्याची निरीक्षणे आहेत, ते खोटे नाही. पण कण लहान असणे आणि कर्करोग बरा करणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते माणसांवरच्या चाचण्यांनीच कापता येते. भस्मे किंवा हळदीचे अर्क केमोबरोबर घ्यायचे असल्यास डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, कारण यकृतावर दोन्हीचा भार पडतो आणि बिघाड झाला तर नेमका कशाने, हे शोधणे कठीण होते. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हाच आहे, त्यामुळे अशी जाहिरात दिसली की आधी शंका घ्यावी.

चाचण्यांमध्ये सहभागी व्हावे का? इथे माझे मत होकारार्थी आहे, अटींसह. किरणोपचाराची धार वाढवणाऱ्या हाफ्नियम ऑक्साइडच्या कणांनी मऊ ऊतींच्या सार्कोमात १८० जणांच्या चाचणीत गाठ जवळजवळ पूर्ण मृत झालेल्यांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर नेले. रुग्णाच्या गाठीतल्या बदलांवरून बेतलेली, चरबीच्या नॅनोकणांत बांधलेली एमआरएनए लस मेलानोमात १५७ जणांच्या चाचणीत आशादायक ठरली आणि मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. पुढचे खरे बदल कदाचित याच वाटेने येतील. भारतात २००९ पासून औषध चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे, आणि नॅनो औषधांच्या तपासणीसाठी २०१९ मध्ये केंद्राने स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कुणी चाचणीत घ्यायचे म्हणाले, तर नोंदणी क्रमांक मागावा, संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचावे, नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का ते पाहावे. चाचणीतल्या औषधासाठी कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचाराची आणि भरपाईची तरतूद कायद्यात आहे. ती संमतीपत्रात लिहिलेली असते.

पैशांचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, पण प्रत्येक औषध प्रत्येक आजारासाठी येतेच असे नाही. म्हणून ठरवण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचे पूर्ण नाव सांगून ते कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते विचारावे. खासगी विमा असेल तर ‘नॅनो’ प्रकाराला आधी लेखी मंजुरी घ्यावी, नंतरचे वाद टळतात. जेनेरिक चालेल का, हेही विचारावे. चालत असेल तर सगळ्या सायकल शक्यतो एकाच कंपनीच्या औषधाने पूर्ण कराव्यात, कारण लायपोसोमची रचना गुंतागुंतीची असते आणि ब्रँड बदलला तर डॉक्टरांना ते माहीत असायला हवे. मन साशंक असेल तर टाटा मेमोरियल किंवा राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या एखाद्या केंद्राचे दुसरे मत घ्यावे. त्यासाठी बायोप्सीचा अहवाल, स्कॅन आणि आजवरच्या प्रत्येक केमोची तारीख, औषधाचे पूर्ण नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मिलिग्रॅममधला डोस एका वहीत लिहून ठेवावा. रिकाम्या खोक्यावरचे लेबल कापून त्याच पानावर चिकटवले तरी चालते.